पाद्री राहिला

आमच्या ह्यांचं कृष्णविवरांवरचं व्याख्यान नेहमी बोटीवर संपतं. ते बोटीवर सुरू होत नाही. सुरुवात इंग्लंडातल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये होते, आणि शेवट, म्हणजे ठरलेला शेवट, कृष्णविवराभोवतीच्या नारिंगी कड्याच्या त्या प्रसिद्ध छायाचित्रावर व्हायला हवा. पण आजवर एकदाही तसं झालेलं नाही. बोट लागते आणि वेळ संपते.

हे म्हणजे माझे यजमान. कल्याणच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. मी डोंबिवलीतल्या एका शाळेचं ग्रंथालय सांभाळायचे. लोकांना गप्प बसवण्याचा मला पगार मिळत होता आणि ह्यांना बोलण्याचा, त्यामुळे घरात कामाची विभागणी आधीपासूनच स्पष्ट होती. निवृत्तीनंतर ह्यांनी एकच व्याख्यान हाताशी धरलं, ‘कृष्णविवर कसं सापडलं’. ज्येष्ठ नागरिक संघात दिलं, महिला मंडळात दिलं, आंबिवलीच्या एका शाळेत दिलं, टिटवाळ्याच्या एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये गणपतीसमोर दिलं. तिथे आरतीची वेळ झाली म्हणून बोट बंदराला लागायच्या आधीच थांबवावी लागली.

बोटीवर असतो एकोणीस वर्षांचा एक मुलगा. मद्रासहून शिकायला इंग्लंडला निघालेला. डेकवर बसून तो गणित करतो आणि त्याला दिसतं की म्हातारा झालेला तारा एका मर्यादेपेक्षा जड असेल, तर तो स्वतःचाच भार पेलू शकत नाही. कोसळतच जातो. पुढे काही वर्षांनी लंडनच्या सभेत तो हे मांडतो, तेव्हा त्या काळचा सर्वांत मोठा खगोलशास्त्रज्ञ उठून सगळ्यांसमोर त्याची टिंगल करतो. लोक हसतात. इथे आले की ह्यांचा संताप अनावर होतो. नव्वद वर्षांपूर्वीच्या सभेतल्या माणसांना हे अशा तावातावाने झापतात, की जणू ते सगळे ह्यांच्याच वर्गात मागच्या बाकावर बसलेत. त्यात अर्धा तास जातो. मग कोणीतरी चिठ्ठी पाठवतं, आभार होतात, आणि कृष्णविवर तसंच राहतं, न सापडलेलं.

मी ते शेवटचं चित्र पाहिलं आहे. घरच्या कॉम्प्युटरवर. बाकी डोंबिवलीने पाहिलं असेल तर मोबाइलवर, आमच्या ह्यांच्याकडून नाही.

मागच्या हिवाळ्यात ह्यांचा आवाज बसला. आधी मी लक्ष दिलं नाही, कारण शांतता कोणाला नको असते. पण महिना झाला तरी सुटेना, तेव्हा ठाण्याला टेंभी नाक्याजवळ एका घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण होते. नाकातून नळी घालून पडद्यावर आतलं चित्र दाखवलं.

“सर, स्वरयंत्रावर ही गाठ आहे. काढावी लागेल. मला साधी वाटते, पण काढली की तपासायला पाठवू.”

“आणि आवाज?” ह्यांनी विचारलं. म्हणजे घासघासत विचारलं.

“आवाज येईल. घरी बोलण्यापुरता नक्की येईल. हॉलमध्ये दीड-दोन तास बोलण्याचा येईल का, ते मी आज सांगणार नाही. खोटं ठरलं तर तुम्ही मला शिव्या द्याल, आणि त्यासुद्धा हळू आवाजात.”

डॉक्टर मला आवडले. ऑपरेशनचा सोमवार ठरला. हे लगेच म्हणाले, “त्याच्या आधीच्या शनिवारी माझं व्याख्यान आहे. व्याख्यानमालेत. मोठा हॉल आहे.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोकडे पाहायची ही पद्धत सगळ्या डॉक्टरांना कॉलेजातच शिकवत असावेत. मग ते म्हणाले, “करा. पण शनिवारपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने जास्त ताण येतो.”

परत येताना रिक्षात ह्यांनी खिशातून पेन काढून डॉक्टरांच्याच कागदाच्या पाठीवर लिहिलं, “या वेळी शेवटपर्यंत जायचं.” मी म्हटलं, “जा की. अडवलंय कोणी? तुम्हीच बोटीवरून उतरत नाही.”

मौनातला माणूस शांत असतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी आठवडाभर आमच्याकडे येऊन राहावं. ह्यांनी जुन्या कॅलेंडरची पानं फाडून घेतली आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर भांडायला सुरुवात केली. चहात साखर कमी, हे लिहून सांगता येतं, आणि खाली दोन रेघा मारल्या की ओरडूनही सांगता येतं. मी दुसऱ्या खोलीत असले की हे वाटीवर चमचा वाजवायचे. एकदा वाजवला म्हणजे ये, दोनदा म्हणजे ऐकलं नाहीस का, तीनदा म्हणजे चष्मा सापडत नाहीये. चष्मा प्रत्येक वेळी डोक्यावर होता.

संध्याकाळी व्याख्यानाची तालीम. मी मोठ्याने वाचायचे, हे घड्याळ बघायचे. मी म्हटलं, “सरळ हिशेब आहे. सुरुवातीचा तो चर्चमधला पाद्री काढा. तो फ्रेंच गणिती काढा. त्याने स्वतःच ती न दिसणाऱ्या ताऱ्याची कल्पना आपल्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीतून काढली होती, तुम्ही तरी कशाला ठेवता? मग बोटीपर्यंत लवकर पोचाल.”

ह्यांनी लिहिलं, “पाद्री काढला तर शेवट कळणार नाही.”

“लोकांना फोटो बघायचाय. दोनशे वर्षांपूर्वीचा पाद्री कोणाला हवाय?”

ह्यांनी ‘नाही’ या शब्दाखाली तिसरी रेघ मारली.

बुधवारी व्याख्यानमालेचे कार्यवाह घरी आले. पन्नाशीचे गृहस्थ, बँकेतून लवकर निवृत्ती घेऊन समाजकार्याला लागलेले. अशा माणसांची मला धास्ती वाटते. त्यांच्याकडे वेळ असतो आणि लेटरहेड असतं. त्यांनी निमंत्रणपत्रिका दाखवली. वर छापलं होतं, ‘कृष्णविवर : एक गूढरम्य सफर’. ह्यांनी कॅलेंडरचं पान पुढे केलं, “गूढ नाही. रम्य नाही. सफर तर मुळीच नाही.” कार्यवाहांनी ते वाचून मोठ्याने हसून दाद दिली आणि पत्रिका तशीच ठेवली.

“सर बोलत नाहीयेत का, काकू?”

मी सगळं सांगितलं. गाठ, सोमवार, मौन. त्यांचा चेहरा खरंच उतरला. माणूस वाईट नाही. निघताना दारात चपला घालत ते मला म्हणाले, “तुम्ही अजिबात काळजी करू नका. सरांना त्रास होणार नाही असं आम्ही सगळं सांभाळून घेऊ.”

डोंबिवलीत चाळीस वर्षं काढूनही मी त्या वाक्याला घाबरले नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

शनिवारी साडेसहाला हॉल भरला होता. डोंबिवलीकर व्याख्यानाला येतात, हे कबूल करायला हवं. विषय कृष्णविवर असो की कोरफड, स्वेटर घालून वेळेवर येतात. पुढे पाहुण्यांसाठी सोफे, सोफ्यांना पांढरे टॉवेल. व्यासपीठावर सात खुर्च्या. मी मनात म्हटलं, बोलणारा एक आहे, बाकीचे सहा काय करणार? ते लवकरच कळलं.

आधी समई पेटेना. पंखा चालू होता. पंखा बंद करायला सांगितलं तर दिवे गेले. मग दिवे आले, पंखा पुन्हा चालू झाला, आणि शेवटी सात जणांनी हातांचा आडोसा करून एक वात लावली. टाळ्या. मग सरस्वतीच्या तसबिरीला हार. मग स्वागतगीत. मग प्रास्ताविक. प्रास्ताविकात व्याख्यानमालेचा इतिहास आला, आणि त्याला ह्यांच्या कृष्णविवरांपेक्षा जास्त जुना करण्याचा प्रामाणिक प्रयत्न झाला. मग पाहुण्यांचा परिचय. परिचय करून देणाऱ्याचाही परिचय झाला. मग सत्कार. प्रत्येकाला शाल, नारळ, रोप. एका पाहुण्यांनी सत्काराला उत्तर देताना सांगितलं की हे सगळं आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होतं. काय ठाऊक होतं, ते अजून सांगून व्हायचं होतं, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं. मग ह्यांना मानपत्र. त्याचं वाचन. त्यात ‘ज्ञानतपस्वी’ हा शब्द तीनदा होता. तपस्वी खुर्चीत बसून घड्याळ बघत होते. आठवडाभर साठवलेला आवाज आत ठेवून, मांडीवर शाल, शालीवर नारळ, नारळाला धरून रोप.

मी उठून भिंतीकडेने कार्यवाहांपर्यंत गेले. “अहो, सव्वासात वाजून गेले. ह्यांना बोलू देणार आहात ना?”

त्यांनी मला बाजूला घेतलं. चेहऱ्यावर असा आनंद, की जणू ते मला वाढदिवसाची भेट देतायत. “काकू, सरांच्या घशाला ताण नको म्हणून आम्ही बाकीचा कार्यक्रम मुद्दाम जरा भरगच्च केलाय. सरांना शेवटी वीसच मिनिटं ठेवलीत. हॉल आठला सोडायचाय.”

रागवायचं तर कशावर? इतक्या प्रेमाने कोणी कोणाची वेळ खाल्ली असेल, असं मला वाटत नाही.

हॉलच्या मागच्या दारातून पावभाजीचा वास यायला लागला होता. आठनंतर तिथे साखरपुडा होता, आणि केटररने तवे मांडले होते.

शेवटचा सत्कार प्रायोजकांचा होता. टिटवाळ्याकडे इमारती बांधणारे एक बिल्डर, मूळचे इथलेच, ज्यांच्या शेतावर आमचं अर्धं डोंबिवली उभं आहे अशा घरातले. त्यांच्या हातात माइक दिला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. ते म्हणाले, “मी सरांचा विद्यार्थी. फिजिक्समदी दोनदा नापास झालोय. आता सरांचा टाइम खाल्ला तर तिसऱ्यांदा व्हईन. बसतो मी.” आणि शाल न घेताच खाली बसले. त्या संध्याकाळचं सगळ्यात चांगलं भाषण तेच होतं. आजही मी त्या माणसाच्या इमारतींबद्दल वाईट बोलत नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, पेपर खरंच वाईट लिहायचा.

मग हे उठले. वीस मिनिटंही उरली नव्हती. मला पुढचं सगळं दिसत होतं. पाच मिनिटं पाद्री, पाच फ्रेंच, पाच तो युद्धावरचा जर्मन, आणि बोट बंदरातून सुटता सुटता पावभाजी. आणि सोमवारनंतर ही संधी पुन्हा मिळेल की नाही, हे डॉक्टरसुद्धा सांगत नव्हते.

ह्यांनी लॅपटॉप चालवणाऱ्या मुलीला खूण केली आणि घोगऱ्या पण स्वच्छ आवाजात म्हणाले, “शेवटची स्लाइड लावा.”

ती गोंधळली. “पहिली ना, सर?”

“शेवटची. आज आपण उलटे जाणार आहोत.”

पडद्यावर ते नारिंगी कडं आलं. मधे काळं. मी खुर्चीच्या कडेला सरकून बसले.

“हा फोटो कृष्णविवराचा नाही,” हे म्हणाले. “त्याचा फोटो निघू शकत नाही, कारण त्यातून प्रकाश बाहेर येत नाही. हा त्याच्या भोवती फिरणाऱ्या तापलेल्या वायूचा फोटो आहे. मधली काळी जागा म्हणजे त्याची सावली. साडेपाच कोटी प्रकाशवर्षं लांब. एवढ्या लांबचं एवढंसं दिसायला पृथ्वीएवढी दुर्बीण लागते. ती बांधता येत नाही, म्हणून जगभरच्या आठ दुर्बिणींनी एकाच वेळी तिकडे पाहिलं. जमलेली माहिती इतकी अवाढव्य होती की इंटरनेटवरून जाईना. डिस्क पेट्यांत भरून विमानाने नेल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क कित्येक महिने तिथेच अडकल्या, कारण तिथल्या हिवाळ्यात विमान उतरत नाही.”

हॉल हसला. हे हसले नाहीत, हसायलाही आवाज लागतो.

“त्याच्या आधी.” पुढची, म्हणजे मागची स्लाइड. “दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली. शंभर कोटींहून जास्त वर्षांपूर्वी. त्याने अवकाशालाच लाट आली. ती लाट दोन हजार पंधरा साली पृथ्वीवरून गेली, तेव्हा काही किलोमीटर लांबीच्या नळ्यांची लांबी बदलली. किती? अणूच्या गाभ्यातल्या एका कणाच्या रुंदीपेक्षा कमी. आणि माणसांनी ते मोजलं. अशी लाट येते, असं ज्याने कागदावर मांडलं त्याला स्वतःलाच ती कधी मोजता येईल असं वाटलं नव्हतं.”

दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ हात वर करून उठले. “सर, प्रश्न नाही, एक छोटंसं भाष्य आहे...”

मी “श्श!” केलं. शाळेच्या ग्रंथालयातलं, पंचवीस वर्षांच्या सरावाचं. गृहस्थ बसले. त्यांच्या आजूबाजूचे, ज्यांनी काहीच केलं नव्हतं, तेही जरा सरळ झाले.

“त्याच्या आधी. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचे तारे. दोन वेगवेगळे गट वर्षानुवर्षं तिकडे बघत राहिले. ते तारे कशाभोवती तरी गरगरत होते आणि मधे काहीच दिसत नव्हतं. चाळीस लाख सूर्यांचं वजन, आणि दिसत काही नाही.” इथे ह्यांचा आवाज पहिल्यांदा फाटला. पाणी प्यायले. “लोकांना वाटतं कृष्णविवर सगळं गिळत सुटतं. तसं नाही. उद्या सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं, तर पृथ्वी आहे तशीच फिरत राहील. अंधार होईल, गारठून मरू, पण ओढले जाणार नाही.”

ते गार पडण्याचं वाक्य ह्यांचं लाडकं आहे. एरवी त्यावर पाच मिनिटं जातात. आज गेली नाहीत. मी चकित होऊन बघत होते. ह्या माणसाला आटोपशीर बोलता येतं? मग इतकी वर्षं माझा चहा गार का होत होता?

मग हंस तारकासमूहातला तो क्ष-किरणांचा उगम आला. क्ष-किरण वातावरणात अडतात, म्हणून रॉकेट वर पाठवून तो शोधावा लागला. मग दिसलं की एक मोठा निळा तारा कोणा न दिसणाऱ्या जोडीदाराभोवती फिरतोय. ते खरंच कृष्णविवर आहे का, यावर दोन शास्त्रज्ञांनी मासिकाच्या वर्गणीची पैज लावली. ज्याने उभं आयुष्य कृष्णविवरांवर घालवलं, त्यानेच ‘नाही’वर लावली. का, तर सगळं खोटं निघालंच तर निदान मासिक तरी मिळेल. त्याच्या आधी ती तरुण संशोधक, जिला कागदाच्या लांबच लांब पट्ट्यांवर एक बारीकशी खूण दिसली. तिने ती सोडून दिली नाही, आणि त्यातून ताऱ्याचं कोसळलेलं, शहराएवढं प्रेत सापडलं. त्यानंतर ‘तारे असे कोसळत नसतात’ म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली. पारितोषिक मात्र तिच्या मार्गदर्शकाला मिळालं. हॉलमधल्या बायकांनी एका सुरात “हं” केलं.

आवाज आता शब्दागणिक उतरत होता. कार्यवाह पडद्याआडून पाच बोटं दाखवत होते.

“त्याच्या आधी एकोणीसशे एकोणचाळीस. एक अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्याचा विद्यार्थी दाखवतात की पुरेसा जड तारा कोसळायला लागला तर थांबणार नाही. त्याच वर्षी, ज्याच्या समीकरणांतून हे निघालं तो जगप्रसिद्ध म्हातारा लेख लिहितो, की असं होणं शक्य नाही. मग युद्ध सुरू होतं, सगळे बाँब करायला जातात, आणि तारे तसेच राहतात.”

मग लंडनची सभा आली. मी मनगटावरचं घड्याळ घट्ट धरलं. आता अर्धा तास.

ह्यांनी एकच वाक्य म्हटलं. “सगळ्यांसमोर त्याला हसले.” आणि पुढच्या स्लाइडची खूण केली.

बोट आली.

उलट्या बाजूने आलो असलो, तरी बोटच आली. पण मला एक लक्षात आलं, जे इतक्या वेळा ऐकूनही आलं नव्हतं. एरवी बोट आधी येते आणि अपमान नंतर, म्हणून हे तिथे अडकतात. आज अपमान होऊन गेला होता. मागे गेल्यावर तो मुलगा डेकवर नुसता बसलेला होता. वही मांडीवर, वारा सुटलेला. त्याचं चुकलंय, असं त्याला अजून कोणी सांगितलेलं नव्हतं.

“हा मुलगा,” हे म्हणाले, “बरोबर होता.” आणि आवाज गेला. पुढचं वाक्य ओठांनी बोलले, ते माइकपर्यंत पोचलं नाही. त्यांनी हात वर करून, अजून आहे, अजून आहे, अशी खूण केली. वेळ संपल्याची घंटी वाजली. मागचं दार उघडून एक माणूस पावाचा क्रेट घेऊन आत आला आणि जीभ चावून परत गेला.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यात नेहमीचे थोडे होते, चपला शोधायला उठलेलेही होते, पण बरेचसे खरंच वाजवत होते. आभार मानताना कार्यवाह म्हणाले, “सरांनी प्रकृतीमुळे वेळेचं जे भान राखलं, ते सर्व वक्त्यांनी शिकण्यासारखं आहे.” मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मला नमस्कार केला. घरी येताना रिक्षात पाच शाली होत्या, कारण ज्या पाहुण्यांना नको होत्या त्यांनी ‘सरांना घशाला गुंडाळायला’ म्हणून दिल्या.

सोमवारी ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, ते कळायला पुढे आठवडा गेला. तो आठवडा कसा गेला ते मी लिहिणार नाही. ह्यांना दोन आठवडे सक्त मौन होतं, आणि कॅलेंडर संपलं होतं.

ऑपरेशननंतरच्या सामाईक खोलीत शुद्धीवर आल्यावर ह्यांनी बोटांनी हवेत लिहिण्याची खूण केली. नर्सने पेन दिलं. मला वाटलं, पाणी मागतायत, किंवा दुखतंय, किंवा निदान माझं नाव. माणूस भुलीतून बाहेर आल्यावर काहीतरी मनातलं लिहीत असेल, अशी माझी भाबडी समजूत. ह्यांनी वाकड्या अक्षरांत लिहिलं, “पाद्री राहिला.”

“राहू दे,” मी म्हटलं. “दोनशेहून जास्त वर्षं राहिलाय. अजून थोडा राहील.”

पुन्हा लिहिलं, “जर्मन पण.”

शेजारच्या पलंगावरच्या बाई, टॉन्सिल काढलेल्या, ठाण्याच्याच, माझ्याकडे बघून भुवया उंचावत होत्या. त्यांनाही बोलायला बंदी होती. त्या खोलीत बोलू शकणारी मी एकटीच होते. मग मी सांगायला लागले. दुसरं करणार काय?

जर्मनचं सांगितलं. चाळिशी उलटलेला मोठा खगोलशास्त्रज्ञ, पहिल्या महायुद्धात स्वखुशीने सैन्यात गेलेला. रशियाच्या आघाडीवर तोफांचे हिशेब करता करता त्याने त्या जगप्रसिद्ध म्हाताऱ्याच्या अवघड समीकरणांचं पहिलं उत्तर काढून पाठवलं, आणि काही महिन्यांत कातडीच्या रोगाने गेला. त्या उत्तरातच कृष्णविवराची हद्द दडलेली होती, पण त्याला किंवा कोणालाच ती तशी कळली नव्हती. ह्यांनी पलंगाशेजारच्या पेल्यावर चमचा वाजवला. काहीतरी चुकलं होतं. मी विचारलं, “रशियाची आघाडी नव्हती?” मान हलली. होती. “कातडीचा रोग नव्हता?” होता. “मग काय?” त्यांनी बोटाने जोरात डावीकडे, म्हणजे आणखी मागे, दाखवलं. पाद्री. लवकर पाद्रीकडे ये. म्हणजे मी वेळ खात होते.

मग पाद्री. इंग्लंडातल्या एका गावचा, बुटका, जाडा. चित्रसुद्धा शिल्लक नाही त्याचं. भूकंपांवर विचार करायचा, स्वतःच्या दुर्बिणी घासायचा. सतराशे त्र्याऐंशी साली त्याने लिहिलं, की एखादा तारा पुरेसा मोठा असेल तर त्याचा प्रकाश त्याच्याच ओढीने परत खाली पडेल. तो तारा आपल्याला दिसणार नाही. मग आहे हे कळणार कसं? तर त्याच्याभोवती एखादा दिसणारा तारा फिरत असेल, तर त्या फिरण्यावरून कळेल.

मी थांबले. हे वाक्य मी आठवडाभर तालमीत रोज वाचलं होतं आणि काढून टाका म्हणून रोज भांडले होते. आकाशगंगेच्या मधल्या त्या ताऱ्यांकडे दोन्ही गटांनी वर्षानुवर्षं जे पाहिलं, ते नेमकं हेच होतं. मधे काही दिसत नाही, भोवती फिरणारं दिसतं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता तरी कळलं का, अशा नजरेने. तीस वर्षं वर्गातल्या मुलांकडे हेच बघायचे असणार. बिल्डर दोनदा नापास का झाला असेल, ते मला कळलं.

“कळलं,” मी म्हटलं. “पण हे तुम्हाला पहिल्याच दिवशी लिहून दाखवता आलं असतं. नुसत्या रेघा काय मारत बसलात?”

शेजारच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. आवाज न करता.

ह्यांचा आवाज आला. खरखरीत, लहान, घरापुरता. जेवायला बोलावण्याएवढा आणि वाद घालण्याएवढा, हॉल भरेल एवढा नाही. डॉक्टर म्हणतात, आहे हे चांगलंच आहे, आणि ते खरंच आहे. एप्रिलमध्ये टिटवाळ्याच्या त्याच कॉम्प्लेक्समधून पुन्हा फोन आला. व्याख्यान द्याल का? मी सांगितलं, सर आता बोलत नाहीत. तिकडून आवाज आला, “मग काकू, तुम्हीच या ना. तुम्हाला तर सगळं पाठच असेल.”

मी नाही म्हणणार होते. ह्यांनी समोरून कॅलेंडरचं नवं पान वर धरलं. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, “पाद्रीपासून.” खाली तीन रेघा.

मी फोनवर म्हटलं, “येते. पण सत्कार आधी नको. आणि आरती किती वाजता असते, ते आत्ताच सांगा.”